शिवेबाहेरचं तळं

आमच्या गावाचं तळं आमच्या गावात नाही. गावाची शीव म्हणजे एक व्हाळ. पावसात दोन्ही थड्या भरून वाहणारा आणि एरवी घोट्याएवढ्या पाण्याचा ओढा. तो ओलांडला की सड्याच्या, म्हणजे जांभ्या खडकाच्या उंच माळाच्या, पायथ्याशी तळं. तिन्ही बाजूंना गवताची मोकळी जमीन, काठाने उंडलीची जुनी झाडं आणि चौथ्या बाजूला जांभ्या दगडाचा बांध. हा बांध कोणी घातला हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे प्रत्येकाला माहीत आहे. कोणी राजाचं नाव घेतो, कोणी पांडवांचं. आमच्याकडे ज्याचा बाप सापडत नाही ते सगळं पांडवांच्या नावावर जातं.

हल्ली रविवारी तिथे गाड्या येतात. पोरं डुंबतात, बायका उंडलीच्या सावलीत डबे सोडतात, म्हातारे नुसतेच बसून राहतात. काठाला कुंपण नाही, तिकीट नाही, हटकणारा कोणी नाही. मागे एकदा एक पाहुणे मला म्हणाले, “बरं आहे हो तुमचं, सरकारने काठ मोकळा ठेवलाय.” मला राग आला. सरकारचं काय कौतुक करायचं ते करा, पण तो काठ मोकळा राहिला तो माझ्या आत्यामुळे. आणि तो मोकळा राहिल्यावर ती त्या पाण्यात एकदाही उतरली नाही. पाहुण्यांना हे सांगायला बसले असते तर त्यांची एसटी चुकली असती, म्हणून गप्प बसले.

ज्यांना आमच्या मुलखाची माहिती नाही त्यांना आधी गावपळण सांगावी लागते. दर तीन-चार वर्षांनी, भात घरात आलं की ग्रामदेवाला कौल लावतात. कौल झाला की ठरल्या दिवशी देवळात नौबत वाजते आणि अख्खा गाव घरदार सोडून शिवेबाहेर पडतो. माणसं, गुरं, टोपलीत घातलेल्या कोंबड्या, आपणहून मागे येणारी कुत्री. अंथरुणाला खिळलेल्यांना डोलीत घालून नेतात. आमच्यातली ख्रिस्ती घरं, मुसलमानांची घरं, सगळी निघतात, मागे कोणी राहत नाही. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन परतायचं. तोवर गावच्या कुणी शीव ओलांडून आत पाऊल टाकायचं नाही.

हे कशासाठी, याची उत्तरं जितकी माणसं तितकी. त्या दिवसांत भुतं गावात जत्रा भरवतात असं आम्हां पोरांना सांगत. माझ्या आईचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची, “कोणीतरी शाण्या बायलेन ही रीत काडल्यान, बायकांका तीन दिस बसाक मिळाचा म्हणान.” मला अजून तिचंच म्हणणं पटतं.

कारण तळ्याच्या काठावर आलं की बायका खरंच बसत. माडाच्या झापांच्या खोपी एका दुपारीत उभ्या राहायच्या. तीन दगडांच्या चुली सगळ्यांच्याच, त्यामुळे कुणाच्याच नाहीत. एकीने काळ्या वाटाण्यांचं सांबार केलं की चार खोपी जेवायच्या. पुरुष हुतुतू खेळायचे आणि एरवी ज्यांच्या पायाला आम्ही हात लावायचो ती माणसं गवतात लोळण घेताना बघून आम्हाला हसू आवरायचं नाही. एक ख्रिस्ती काका फिडल घेऊन यायचा. त्याचे सगळे गोव्याकडचे सूर संध्याकाळी पाण्यावरून पलीकडच्या बांधापर्यंत जात आणि भजनवाल्यांचा ताल चुकवत. भजनवाले त्याला शिव्या घालायचे आणि मग त्यालाच पखवाजाशेजारी बसवायचे. मी पुढे पुष्कळ ठिकाणी राहिले, चांगल्या घरांत राहिले, पण त्या खोपीत मला जी झोप लागायची ती पुन्हा कुठे लागली नाही.

माझी आत्या, आम्ही तिला आते म्हणायचो, बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन पलीकडच्या एका गावात गेली. नवरा मुंबईला गिरणीत होता, तो तापाने गेला, आणि मूलबाळ नव्हतं म्हणून बाबा तिला घेऊन आले. मला कळू लागल्यापासून ती आमच्याच घरात होती. गुरं तिची, भात कांडणं तिचं, मला न्हाऊ घालणं तिचं. गावात तिला कुणी वाईट वागवलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. पण विधवा बाईने कुठे जायचं, किती वेळ थांबायचं, हसायचं ते किती मोठ्याने, याची मापं सगळ्यांना तोंडपाठ होती. ती कुणी बोलून दाखवत नसत, नुसती बघत असत.

आणि आतेला पोहायला यायचं. यायचं म्हणजे कसं, तर लहानपणी ती भावाबरोबर गुरं घेऊन तळ्यावर जायची आणि म्हशीची शेपटी धरून शिकली. आता कारणाशिवाय तळ्यावर जाणं तिला शक्य नव्हतं. धुणं घेऊन गेली तर चार बायकांबरोबर जायचं आणि चार बायकांबरोबर यायचं. पण गावपळणीत मापं घरी राहत, दारं ओढून घेतली की त्यांच्या मागे. मी सातेक वर्षांची असेन तेव्हाची गोष्ट. उंडलीच्या आड बायकांची आंघोळीची जागा होती. आतेने कासोटा घट्ट मारला, पाण्यात शिरली आणि शिरली ती दिसेनाशीच झाली. मी भोकाड पसरलं. आई म्हणाली, “गप, ती खंय जाणा नाय. बघ थंय.” तळ्याच्या मध्यावर, कमळांच्या पलीकडे, तिचं डोकं वर आलं. तिथून ती हसली. इतक्या मोठ्याने हसताना मी तिला घरात कधी ऐकलं नव्हतं.

त्याच गावपळणीत तिने मला पोहायला शिकवलं. काखेखाली दोन असोले नारळ बांधले आणि पोटाखाली एक हात. “पाण्याक भियाचा नाय आणि पाण्याशी भांडाचा नाय,” एवढाच तिचा धडा. तिसऱ्या दिवशी तिने मला न सांगता हात काढून घेतला. मी बरीच लांब गेल्यावर मागे बघितलं तर ती जागची हललेली नव्हती.

परत आल्यावर तीच आते भात कांडायला बसली की मुसळ वर नेताना मला विचारायची, “गो, आता गावपळणीक किती पावस रवले?” मी बोटं मोजून सांगायची. ती “बरा” म्हणायची आणि मुसळ खाली यायचं. हे आमचं दर महिन्याला चालायचं. मला वाटायचं ती माझी करमणूक करते. ती खरोखरच वाट बघत होती हे मला फार उशिरा समजलं.

मग महाराष्ट्र राज्य झालं आणि सगळीकडे कामं निघाली. आमच्या तळ्याचा बांध खचला होता, तो सरकारी खात्याने नीट केला, उंची वाढवली. उन्हाळ्यातल्या वायंगणी शेतीला पाणी मिळू लागलं. गाव खूश. पण बांध झाल्यावर पुढची बातमी आली, की काठची सगळी जमीन कुंपण घालून राखीव करणार, काजू लावणार. माणसं आणि गुरं काठ तुडवतात, माती पाण्यात जाते, तळं गाळाने भरतं, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. एक साहेब गावात येऊन गावकऱ्यांचं म्हणणं ऐकून घेतील आणि मग ठरेल, असंही कळवलं होतं. दिवस मात्र कळवला नव्हता.

गाव हादरला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला शेजारच्या गावाची शेतं आणि वर सड्यावर पाण्याचा थेंब नाही. शिवेबाहेर माणसं आणि गुरं घेऊन राहण्याजोगी जागा तेवढी एकच. ती गेली तर गावपळण बंद, आणि गावपळण बंद म्हणजे देवाचा कोप. पुरुष देवाच्या कोपाबद्दल बोलत होते. आतेने त्या महिन्यात पाऊस किती राहिले हे मला विचारलं नाही, आणि मीही तिला आपणहून सांगितलं नाही. ते तीन दिवस गेले तर तिच्याकडे दुसरं काही उरत नव्हतं. हे आम्हा दोघींना माहीत होतं आणि घरात तिसऱ्या कुणाला माहीत असल्याचं दिसत नव्हतं.

त्या वर्षी कौल झाला, नौबत वाजली, आम्ही बाहेर पडलो. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या गावचा एक गाडीवान तळ्यावर आला. बैलांना पाणी दाखवता दाखवता म्हणाला, “तुमचो सायब इलोसा. शाळेत जावन बसतलो म्हणालो. मीच तेका शिवेभायर सडकेर सोडलंय. सांजेक परत न्हेवक जावचा आसा माका.”

गावाचं म्हणणं ऐकायला साहेब जिल्ह्याहून आला होता आणि गावात ऐकवायला चिटपाखरू नव्हतं. गाव बसला होता शिवेबाहेर, त्याच तळ्याच्या काठावर, आणि आत जायला देवाची बंदी. साहेब संध्याकाळपर्यंत वाट बघणार, कुणाचीही हरकत नाही असं समजणार आणि गाडीत बसून जाणार. आता सांगताना हसू येतं. तेव्हा म्हाताऱ्यांचे चेहरे बघवत नव्हते.

मानकरी उंडलीखाली बसले. माझे बाबा त्यांच्यातलेच एक. एक जण म्हणाला, गाडीवानालाच निरोप देऊन पाठवू. दुसरा म्हणाला, “तेका सायब इचारतलो, तू कोण? मगे तो काय सांगतलो?” गावातला कुणी जाऊ शकत नाही आणि बाहेरच्याला गावाविषयी बोलता येत नाही. बराच वेळ काथ्याकूट झाला. मग बाबांनी मांडीवर थाप मारली. त्यांचा चेहरा एकदम उजळला होता, तो चेहरा मला आजही दिसतो.

“माजी भयण आसा नाय? ती जाईत. ती खंय आपल्या गावची? ती घोवाच्या गावची. तिका नियम लागणा नाय.”

“व्हय म्हाराजा!” सगळे एका सुरात ओरडले. देवाच्या गाऱ्हाण्याला ओरडतात तसेच.

आते तिथेच होती, पाण्याची कळशी कमरेवर. केस अजून ओले होते. सकाळी ती मध्यापर्यंत जाऊन आली होती. ती बाबांकडे बघत राहिली. बाबांच्या मनात वाईट काही नव्हतं, उलट केवढा तरी अभिमान होता की माझ्या बहिणीमुळे गावाची अडचण सुटते आहे. इतकी वर्षं तेच तिला सांगत आले होते, हे तुझंच घर, तुझाच गाव. ते आणि हे, दोन्ही त्यांना एकाच वेळी खरं वाटत होतं. पुरुषांना ते जमतं. मी मात्र आतेच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

तिने कळशी खाली ठेवली. “काय सांगू तेका?” एवढंच विचारलं.

व्हाळ ओलांडून ती गेली. आम्ही सगळे काठाशी जाऊन उभे राहिलो. गाव तिथून दिसत नाही, नुसत्या माडांच्या शेंड्या दिसतात. कुठे धूर नाही, आवाज नाही. पुढे तिनेच एकदा सांगितलं, की शाळेत साहेब, कारकून आणि शिपाई तिघे उपाशी बसले होते आणि घराघरांतून हाका मारून त्यांचा घसा बसला होता. साहेब देशावरचा. त्याला वाटलं गावात पटकीची साथ आली आणि माणसं पळाली. आतेने त्यांना विहिरीचं पाणी काढून दिलं आणि म्हणाली, “गाव बरो आसा सायबानु. फकत भायर गेलोसा. तुमीच शिवेर चला.”

आणि खरंच तो आला. पुढे आते, मागे साहेब, त्याच्यामागे कारकून आणि शेवटी शाळेतली खुर्ची डोक्यावर घेतलेला शिपाई. व्हाळाच्या काठाशी आल्यावर साहेब बूट काढून पाण्यात उतरायला निघाला, तोच आमचा सर्वांत म्हातारा मानकरी ओरडला, “सायबानु, थंयच ऱ्हवा! गावातसून इलेल्यान हय येवचा नाय!” गावातून आलेला माणूस गावाची हवा घेऊन येतो, तीन दिवसांत त्याला आमच्यात घ्यायचं नाही. साहेबाने एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा बुटांकडे, आणि खुर्ची तिथेच मांडायला सांगितली. व्हाळाच्या त्या थडीला सरकार आणि ह्या थडीला आम्ही, गुराढोरांसकट. अशी सुनावणी महाराष्ट्रात दुसरी कुठे झाली नसेल.

बाबांनी कचेरीतली मराठी काढली. “साहेब, आमच्या पूर्वापार चालीरीतींचा विचार व्हावा,” वगैरे. पाठोपाठ म्हातारे देवाच्या कोपाकडे गेले. मध्येच एक रेडा आरडला. साहेब शांतपणे ऐकत होता. मग त्याने विचारलं, “तीन-चार वर्षांतून तीन दिवस, हे मला समजलं. तेवढ्यापुरती परवानगी देता येईल. पण बाकीच्या दिवशी ही जमीन तुम्हाला कशाला हवी?”

गुरांना पाणी म्हणावं, तर त्यासाठी एक कोपरा पुरे. धुणं म्हणावं, तर त्याला एक घाट पुरे. माणसं तिथे संध्याकाळी नुसती जाऊन बसतात, पोरं खेळतात, सणावारी चार घरं भात-आमटी घेऊन जातात, हे साहेबाला सांगण्याजोगं काम आहे असं आमच्यातल्या कुणालाच वाटत नव्हतं. रिकामटेकडेपणाचा अर्ज कोण करणार?

आते साहेबाच्या खुर्चीशेजारी उभी होती. ती म्हणाली, “सायबानु, माणसाक कामाबगर जावक एक तरी जागा होयी.”

साहेबाने मान वळवली. “तुम्ही जाता?”

“माका जावक गावत नाय. जावक गावला तर मी पेवाक जातंय.”

ती हे सगळ्या गावासमोर बोलली. विधवा बाई पोहायला जाते, हे बायकांना ठाऊक होतं, पुरुषांनाही असणार, पण असं उजेडात कुणी बोललं नव्हतं. एक-दोन म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. आतेने घातली नाही. ती व्हाळाच्या पलीकडे, आमच्या डोक्यांवरून, तळ्याकडे बघत होती. साहेबही वळून तिकडेच बघायला लागला. ऊन कलतं झालं होतं, पाण्यात पोरं होती, फिडलवाल्या काकाची नात काठावर पाय सोडून बसली होती. बराच वेळ बघून तो कारकुनाला म्हणाला, “लिहून घ्या. तारेचं कुंपण बांधाला आणि वरच्या ओहोळांना. गुरांना एकच वाट. बाकी काठ लोकांसाठी मोकळा ठेवायला हरकत नसावी.” आणि खरोखर पुढे तसंच झालं, हुकूम आला, तार बांधावर लागली आणि काठ मोकळा राहिला.

त्या दिवशी मात्र साहेब उठला आणि आमच्याकडे नुसता जल्लोष झाला. बाबांना लोकांनी खांद्यावर घेतलं. भजनवाल्यांनी टाळ काढले. गाडीवान साहेबाला घेऊन गेला. आतेने लुगडं किंचित वर उचललं आणि व्हाळात पाऊल टाकलं.

“थांब गो!” तोच म्हातारा मानकरी.

ती थांबली. पाणी तिच्या घोट्यावरून वाहत होतं.

“ती भायरची मां? मगे येवंदेत,” आमच्यातला एक जण म्हणाला.

“भायरची, पण गावात जावन इली. सायबाकसुदीक आमी घेवक नाय.”

आधी हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आत जायला ती बाहेरची चालली होती आणि बाहेर यायला ती आतली ठरली. सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा खांद्यावरून खाली उतरले होते. ते म्हाताऱ्याकडे बघत होते, म्हातारा देवळाच्या दिशेने. मला वाटलं बाबा आता म्हणतील, खड्ड्यात गेला नियम, ये इकडे. त्यांचे ओठ हललेही. पण गावपळण मोडली आणि पुढे कुणाच्या घरात काही वाईट घडलं तर ते कुणाच्या माथी येणार, हे त्यांना कळत होतं. शेवटी ते म्हणाले, “दोन राती तर रवल्या. तू घराक जा. मी हय व्हाळार निजतंय, हाक मारलंस तर आयकाक येयत.”

मी धावत पुढे गेले, आईने दंड धरला. आते हसली. खरंच हसली, पण तळ्याच्या मध्यावरून हसायची ते हसू नव्हतं.

“नको दादा,” ती म्हणाली. “मी माज्या गावाक जातंय.”

नवऱ्याच्या गावाला ती नेहमी ‘थंय’ म्हणायची. “थंय असा असतत, थंय तसा करतत.” ‘माझा गाव’ हे शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. पाण्यातून पाय काढून ती मागे फिरली आणि रिकाम्या गावातून सडकेकडे गेली. तिचं सकाळचं लुगडं उंडलीच्या फांदीवर वाळत होतं. मी ते काढून आणलं आणि उशाला घेतलं. दोन दिवस आम्ही आनंदात काढले असं गावात सगळे सांगतात. मी पाण्यात गेले नाही.

आठवडाभराने ती परत आली, तडक गोठ्यात गेली, आणि सगळं पूर्वीसारखं चालू झालं. लोक वाटेत थांबवून म्हणायचे, “तुज्यामुळा तळा रवला गो.” ती म्हणायची, “व्हय,” आणि पुढे जायची. गंमत म्हणजे आता तिला कुणी अडवलं नसतं. गावासमोर ती बोलून गेली होती आणि गावाने ते गिळलं होतं. मीच तिला म्हणायची, चल ना आते, दोघी जाऊ. कधी गाय व्यायला झालेली असायची, कधी अंग कसकसायचं. एकदा मी फारच गळ्यात पडले, की तुला तळ्याची आठवण येत नाही का?

“येता गो,” ती म्हणाली. “येता म्हणानच जाणंय नाय.”

भात कांडताना ती आता मला काही विचारत नसे.

माझं लग्न झालं त्या वर्षी तिच्या दिराची बायको वारली. घरात लहान मुलं. निरोप आला तसं आतेने गाठोडं बांधलं. बाबांनी नाही म्हणून बघितलं. ती म्हणाली, मुलांना बघायला कुणी नाही. ते खरंच होतं, त्यामुळे पुढे बोलायला जागा राहिली नाही.

त्यानंतरच्या गावपळणीला मी सासरहून आले. नव्या सुनेला असं सोडत नाहीत, पण मी रडून-भांडून आले. मला तळं पाहिजे होतं आणि तळ्यात आते पाहिजे होती. खोपी उभ्या राहिल्या, चुली पेटल्या, फिडल वाजलं. काठ इतका भरलेला मी कधी बघितला नव्हता, कारण शेजारच्या गावांतलीही माणसं आता मौजेने यायला लागली होती. पहिल्या दिवशी बाबा कुणाशी धड बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच त्यांनी धोतर आवळलं आणि काठी घेतली. “तिका घेवन येतंय,” आईला म्हणाले. गावातून जायची सोय नव्हती. सड्यावरून, लांबच्या वाटेने, उन्हातून ते गेले. मी दिवसभर सड्याकडे बघत होते. दुपारी मी उंडलीखालची आमची जागा झाडून ठेवली. दोघी पाण्यात शिरलो की मी तिला काय काय सांगणार होते, सासरचं, ते सगळं मनात लावून ठेवलं होतं.

संध्याकाळी बाबा सड्यावरून उतरताना दिसले. एकटेच.

आईने पाणी दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरलं. “इली नाय?” आईने विचारलं. त्यांनी मान हलवली.

“मगे तुमी कायएक खाल्लात की नाय?”

“जेवलंय,” ते म्हणाले. “पोटभर जेवलंय.” काठी खाली ठेवली. “पाट मांडल्यान. भोवती रांगोळी काडल्यान. केळीच्या पानार वाडल्यान. माका म्हणता, दादा, पावणो इलंस, सावकाश जेव.”

आईने त्यांच्या हातातलं पाणी घेऊन खाली ठेवलं.

“इतकी वर्सा तिच्या हातचा चुलीम्होरं बसान खाल्लंय मी. पाट कधी मांडूक नाय तिनां. कधीच मांडूक नाय.”

पाण्यात पोरं ओरडत होती. कुणाची तरी मुलगी नारळ बांधून पाय मारत होती आणि काठावरच्या बायका तिला हसत होत्या. बाबा ते बघत होते, की नुसते तिकडे तोंड करून होते, मला सांगता येणार नाही. मग ते माझ्याकडे वळले. माझ्या हातातल्या हिरव्या चुड्याकडे त्यांचं लक्ष गेलं असावं.

“गो चेडवा,” ते म्हणाले, “तू आता खंयची?”

“तुमची,” मी म्हटलं. गावाचं नाव काही माझ्या तोंडून निघालं नाही.